तुमच्या मागे मुलांचा पालक कोण, हे आजच लिहून ठेवा

ज्यांच्या घरात अठरा वर्षांखालचे मूल आहे अशा प्रत्येक आई-वडिलांना ही कळकळीची विनंती आहे. तुम्ही दोघेही उद्या नसलात तर तुमच्या मुलाचा कायदेशीर पालक कोण असेल, त्याचे नाव कागदावर लिहा. सही करा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्यासाठी मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, वकील असलाच पाहिजे असेही नाही. नवरा-बायकोने एका संध्याकाळी समोरासमोर बसायचे आणि नकोसा विषय काढायचा, एवढेच लागते. तो विषय निघत नाही म्हणूनच हे जाहीर आवाहन करावे लागत आहे.

आपल्याकडे हे बोलणे अभद्र मानतात. कोणी काढलेच तर घरातले मोठे माणूस गप्प बसवते, आणि मामा आहेत, काका आहेत, आत्या आहे, मूल थोडेच उघड्यावर पडणार आहे, असे म्हणून विषय मिटतो. मूल उघड्यावर पडत नाही, हे खरे आहे. पोरक्या लेकराला पोटाशी धरणारी माणसे आपल्या गावागावांत आहेत. पण मुलाला सांभाळणे वेगळे आणि त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार असणे वेगळे. तेरावे उरकून घरातली माणसे बँकेत, विमा कचेरीत, तलाठ्याकडे जायला लागली की हा फरक समोर उभा राहतो, आणि तेव्हा नाव लिहायला आई-वडील नसतात.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट समजून घ्या. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956 सालचा आहे आणि तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू आहे. त्याच्या सहाव्या कलमात मुलाचे नैसर्गिक पालक सांगितले आहेत: वडील, आणि त्यांच्यानंतर आई. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आधी आई आणि नंतर वडील. अज्ञान विवाहित मुलीचा पती सोडला तर यादी इथेच संपते. आजोबा नाहीत, आजी नाही, काका-मामा नाहीत, सज्ञान झालेला मोठा भाऊही नाही. सावत्र वडील आणि सावत्र आई यांना तर या कलमाने स्पष्ट शब्दांत वगळले आहे. म्हणजे आई-वडील दोघेही गेले की त्या क्षणापासून मुलाला आपोआप मिळणारा कायदेशीर पालक कोणीच उरत नाही. ज्या आजीने त्याला तान्हेपणापासून न्हाऊमाखू घातले, तीही कायद्याच्या नजरेत केवळ प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती असते. आणि त्याच कायद्याचे अकरावे कलम सांगते की, केवळ प्रत्यक्ष सांभाळ करतो या कारणावरून कोणालाही मुलाच्या मिळकतीची विल्हेवाट लावता येणार नाही.

हे वाचून अनेकांना सातबारा आठवेल. त्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे 'अ.पा.क.' असे लिहून कोणाचे तरी नाव घातलेले असते. अज्ञान पालनकर्ता म्हणून तलाठ्याने फेरफाराच्या वेळी केलेली ती नोंद आहे. महसुली दप्तराच्या सोयीसाठी ती असते. तिच्यामुळे चुलता मुलाचा पालक होत नाही आणि त्याला ती जमीन विकण्याचा हक्कही मिळत नाही. पण गावात तसा समज घट्ट आहे, आणि त्या समजापोटी अनेक व्यवहार होतात. मूल मोठे झाले की कोर्टकचेरी सुरू होते.

आता यातून वाट कशी काढायची? वाट त्याच कायद्याच्या नवव्या कलमात आहे. आई-वडिलांना मृत्युपत्राद्वारे मुलासाठी पालक नेमता येतो. असा पालक तुमच्या मृत्यूनंतर नैसर्गिक पालकाचे अधिकार वापरू शकतो. कायद्याने आणि तुमच्या मृत्युपत्राने ज्या मर्यादा घातल्या असतील त्या पाळून, अर्थातच. मृत्युपत्र म्हणजे घरदार, दागदागिने कोणाला द्यायचे याचा कागद, एवढेच आपण समजतो. ज्याच्याकडे एक गुंठा जमीन नाही, जो भाड्याच्या खोलीत राहतो, तो म्हणतो की मला कशाला हवे मृत्युपत्र. तुम्हाला मूल आहे ना, मग हवे. तुमच्या मृत्युपत्रात पालकाच्या नेमणुकीशिवाय दुसरे एक वाक्य नसले तरी चालेल.

नवव्या कलमात एक गुंता आहे, तो नीट लक्षात घ्या, कारण पुष्कळ जण इथेच फसतात. वडिलांनी मृत्युपत्रात पालक नेमला आणि ते आईच्या आधी वारले, तर ती नेमणूक लागू होत नाही. आई आहेच, ती नैसर्गिक पालक होते. पुढे आईने स्वतः मृत्युपत्र करून कोणाला नेमले तर आईचा शब्द चालतो. तिने कोणालाच न नेमता डोळे मिटले तर वडिलांनी लिहिलेली नेमणूक पुन्हा जिवंत होते. आईचा नेमणुकीचा अधिकार कायद्याने मुख्यतः विधवेला दिला आहे, किंवा वडील पालक म्हणून अपात्र ठरले असतील अशा स्त्रीला. मला ही मांडणी अन्याय्य वाटते. विधी आयोगाने 2015 च्या मे महिन्यात दिलेल्या 257 व्या अहवालात आई आणि वडील यांना एकाच वेळी, बरोबरीने नैसर्गिक पालक मानावे, अशी शिफारस केली. त्याआधी 17 फेब्रुवारी 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात 'वडिलांच्या नंतर आई' या शब्दांचा अर्थ केवळ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' असा घेऊ नये, असा निर्णय दिला. वडील कोणत्याही कारणाने मुलाची काळजी घेत नसतील तर ती गैरहजेरीच मानायची, असे न्यायालयाने म्हटले. रिझर्व्ह बँकेचे रोखे मुलाच्या नावे घेताना आईची सही पुरेशी नाही असे त्यांना सांगण्यात आले होते, तिथून तो खटला उभा राहिला.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज तुम्ही एवढे करा: दोघांनी स्वतंत्र दोन मृत्युपत्रे लिहा आणि दोन्हींत पालक म्हणून एकाच व्यक्तीचे नाव घाला. कोण आधी गेले, कोण नंतर, अपघातात दोघे बरोबर गेले तर काय, हे सगळे प्रश्न त्यामुळे गळून पडतात. वडिलांचा कागद लागू झाला काय किंवा आईचा झाला काय, नाव तेच निघते. आणि समजा एखाद्या कागदाच्या कायदेशीर बळाबद्दल शंका आलीच, तरी पालक नेमताना न्यायालयाला मृत आई-वडिलांची इच्छा विचारात घ्यावी लागते. तसे 1890 च्या पालक आणि पाल्य अधिनियमाच्या सतराव्या कलमातच लिहिले आहे. इच्छा लिहिलेली असेल तरच ती विचारात घेता येईल, हे सांगायला नको.

मृत्युपत्र कसे लिहायचे? साध्या कागदावर, मराठीत, हाताने किंवा टंकलिखित. लिहिणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. त्याने दोन साक्षीदारांसमोर सही करायची किंवा अंगठा उठवायचा, आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर आपापल्या सह्या करायच्या. साक्षीदार निवडताना तुमच्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडतील असे निवडा. ज्याला पालक नेमता त्याला, किंवा ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. दोघांच्या नावापुढे पूर्ण पत्ता लिहा. प्रत्येक पानावर सही करा. तारीख आणि ठिकाण विसरू नका. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी केलीत तर उत्तम, कारण पुढे कोणी कागद खोटा म्हटला तर ती उपयोगी पडते. नोंदणीला कालमर्यादा नाही. पण नोंदणीला वेळ मिळत नाही म्हणून कागदच लिहायचा ठेवू नका. सही-साक्षीचे मृत्युपत्र नोंदणीशिवायही वैध आहे.

मजकूर कसा असावा, तेही देतो. उतरवून घ्या आणि आपापल्या घराप्रमाणे बदला. 'मी अमुक, वय अमुक, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मी आणि माझे पती (किंवा माझी पत्नी) दोघेही हयात नसू, तर आमची मुले अमुक (जन्मतारीख अमुक) आणि अमुक (जन्मतारीख अमुक) ही सज्ञान होईपर्यंत त्यांच्या व्यक्तिगत सांभाळासाठी व त्यांच्या मिळकतीसाठी पालक म्हणून मी अमुक (नाते, वय, पत्ता) यांची नेमणूक करत आहे. त्यांनी यास संमती दिली आहे. ते त्यावेळी हयात नसतील, असमर्थ असतील किंवा त्यांनी नकार दिला, तर अमुक यांनी पालक व्हावे. मुलांना एकमेकांपासून दूर ठेवू नये, अशी माझी इच्छा आहे.' मिळकतीबद्दल तुमचे आधीच एखादे मृत्युपत्र असेल तर ते मोडू नका. हाच मजकूर पुरवणी मृत्युपत्र म्हणून लिहा. त्यालाही सही-साक्षीचा नियम तोच.

या मजकुरातले दुसरे नाव, म्हणजे पहिला पालक नसेल तर कोण, ते बहुतेक लोक गाळतात. ते गाळू नका. विशेषतः पहिले नाव आजी-आजोबांचे असेल तर अजिबात नाही. मूल तीन वर्षांचे आणि आजोबा सत्तरीचे असतील तर हिशोब तुम्हीच करा.

आता सगळ्यांत अवघड भाग: नाव कोणाचे? यावर नवरा-बायकोत मतभेद होतील. एकाला आपला भाऊ हवा असतो, दुसरीला आपली बहीण. इथे नात्याची उतरंड आणि कोणाला काय वाटेल हे बाजूला ठेवा. न्यायालयही तेच करते. 1956 च्या कायद्याचे तेरावे कलम मुलाचे कल्याण हाच सर्वांत वरचा निकष मानते. मूल आज कोणाकडे निर्धास्त झोपते? कोणाच्या घरात त्याचे शिक्षण तुटणार नाही? कोणाला स्वतःची मुले आहेत, आणि तो आपल्या मुलात आणि तुमच्या मुलात ताटात वाढताना फरक करणार नाही? कोण रागीट आहे, कोणाला दारूचे व्यसन आहे, कोणावर कर्ज आहे, हे तुम्हाला माहीत असते. लोकलाजेस्तव त्या माणसाचे नाव लिहू नका. नात्यातला नसलेला जवळचा मित्र किंवा मैत्रीणही चालते. कायदा नात्याची अट घालत नाही. मूल दहा-बारा वर्षांचे असेल तर त्यालाही विचारा. समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेते, मग घरात का नको?

ज्याला नेमायचे त्याला आधी विचारा, आणि घाईत फोनवर नको, समोर बसून. तो 'विचार करून सांगतो' म्हणाला तर तो माणूस गंभीर आहे असे समजा. त्याच्या जोडीदाराशीही बोला, कारण मूल त्या दोघांच्या घरात वाढणार आहे. कायद्याने कोणावर पालकत्व लादता येत नाही. नेमलेला माणूस ऐनवेळी मागे सरला तर तुमच्या कागदाचा अर्धा जीव जातो.

पैसा आणि सांभाळ या दोन जबाबदाऱ्या वेगवेगळ्या माणसांकडे देता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मायेने वाढवणारी मावशी हिशोबात कच्ची असेल आणि व्यवहारी काका मुलांत रमणारा नसेल. तर मावशीला सांभाळासाठी आणि काकाला मिळकतीसाठी पालक नेमा. त्यात एकमेकांवर नजरही राहते. मात्र एक बंधन दोघांनाही आहे. मुलाची स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची, बक्षीस द्यायची किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर आधी न्यायालयाची परवानगी लागते. ही परवानगी खुद्द आईलाही चुकलेली नाही. परवानगीविना केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावून रद्द करून घेऊ शकते. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीतल्या मुलाच्या हिश्श्यासाठी मात्र असा पालक नेमता येत नाही. तो हिस्सा घरातला सज्ञान कर्ता पाहतो. म्हणून वाटण्या व्हायच्या राहिल्या असतील तर त्या शक्य तितक्या लवकर करून घ्या. तुमच्या मुलाच्या वाट्याचे नाव-गाव कागदावर दिसले पाहिजे.

आता एकल आयांशी बोलतो, आणि इथे थांबून बोलतो, कारण सर्वांत जास्त घाई तुम्हाला आहे. ज्यांचे पती आत्महत्येत, अपघातात, आजारात किंवा करोनात गेले, त्या आज आपल्या मुलांच्या एकट्या नैसर्गिक पालक आहेत. तुमच्या मागे दुसरे कोणी नाही. तुम्ही नाव न लिहिता गेलात तर मुलांचा प्रश्न सासर आणि माहेर यांच्या ओढाताणीत सापडू शकतो, आणि जमीन किंवा विम्याची रक्कम असेल तर ती ओढाताण तीव्र होते. कायद्याने हा अधिकार विधवेला स्पष्टपणे दिलेला आहे. तुम्ही तुमच्या बहिणीला नेमू शकता, भावाला नेमू शकता, तुमच्या बचत गटातल्या विश्वासू मैत्रिणीलाही. सासऱ्यांची किंवा दिरांची परवानगी लागत नाही. त्यांना आधी सांगायचे की नाही, हे तुमच्या घरची परिस्थिती पाहून तुम्ही ठरवा. पुनर्विवाह केलेल्या भगिनींनी तर आणखी सावध राहावे. तुमचे आताचे पती मुलाला कितीही जीव लावत असले तरी सावत्र वडील म्हणून ते पालक ठरत नाहीत. तुमच्या मागे मूल त्यांच्याकडेच राहावे असे वाटत असेल, तर तसे मृत्युपत्रात लिहावेच लागेल.

घटस्फोटितांची गोष्ट वेगळी. ताबा आईकडे असला तरी वडील हयात आणि पात्र असतील तर ते नैसर्गिक पालक राहतात, आणि आईच्या मृत्युपत्राने त्यांचा तो अधिकार जात नाही. तरीही लिहा. वडिलांनी मुलाकडे कधी पाहिले नसेल, पोटगी दिली नसेल, मारहाण केली असेल, तर ते तारखांसह नोंदवा आणि मूल कोणाकडे असावे ते सांगा. उद्या न्यायालयापुढे हा प्रश्न गेला तर मुलाच्या बाजूने बोलणारा तो तुमचा शब्द असेल. अविवाहित मातांना 6 जुलै 2015 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोठा आधार दिला आहे. वडिलांचे नाव उघड न करता, त्यांना नोटीस न देता आईला पालक म्हणून नेमता येते. मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकारही तिला आहे.

इतर धर्मीयांसाठीही हे आवाहन तितकेच आहे, फक्त वाट थोडी वेगळी. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे साठावे कलम लागू होते. त्यात मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार वडिलांना दिला आहे, आईचा उल्लेख नाही. तरी आईने आपली इच्छा लिहून ठेवावी. ख्रिस्ती व्यक्तीने पुन्हा लग्न केले तर आधीचे मृत्युपत्र रद्द होते, म्हणून लग्नानंतर ते नव्याने करावे. मुस्लिम कुटुंबांत वडिलांनंतर त्यांनी नेमलेला वसी (मृत्युपत्राचा व्यवस्थापक), मग आजोबा, असा मिळकतीच्या पालकत्वाचा क्रम आहे आणि आई त्या क्रमात आपोआप येत नाही. पण वडील आपल्या हयातीत पत्नीलाच वसी नेमू शकतात. मुस्लिम वडिलांनी एवढे केले तरी त्यांच्या पश्चात पत्नीला पदोपदी दुसऱ्याची सही मागत फिरावे लागणार नाही. अनुसूचित जमातींना 1956 चा कायदा सरसकट लागू नाही. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीकडच्या आदिवासी पालकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घेऊनच कागद करावा. गोव्यात तर मृत्युपत्राची रीतच निराळी आहे. तिथे साध्या कागदावर दोन साक्षीदार घेऊन भागत नाही, विशेष नोटरीपुढे जावे लागते. परदेशातल्या मराठी कुटुंबांनी आपण राहतो तिथला कायदा पाहावा. इंग्लंडमध्ये 1989 च्या बालक कायद्यानुसार सही-तारखेच्या लेखी कागदानेही पालक नेमता येतो, अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. पुण्यातल्या आजी-आजोबांचे नाव घालणार असाल तर ते विमानाने येईपर्यंत मुलांना कोण घेईल, त्या जवळच्या माणसाचेही नाव लिहा.

मृत्युपत्र मृत्यूनंतर चालते, हयातीत नाही. हे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या आई-वडिलांनी ध्यानात घ्यावे. बीडकडून सहा-सहा महिने बाहेर राहायचे आणि मुले गावी आजीजवळ, अशा वेळी दवाखाना आणि शाळा यांच्यासाठी आजीच्या नावाचे वेगळे संमतिपत्र द्या, त्यावर तुमचा फोन लिहा. असे पत्र तुम्ही कधीही मागे घेऊ शकता. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांच्या वडिलांनी 1910 मध्ये आपल्या दोन मुलांचा सांभाळ पत्राद्वारे थिऑसॉफिकल सोसायटीच्या ॲनी बेझंट यांच्याकडे दिला, पुढे तो परत मागितला आणि प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेले. हयात बापाने दिलेले असे पत्र कायमचे बंधन होत नाही, हे 1914 सालच्या त्या निकालात नोंदले गेले आहे.

कागद न केल्यास काय होते, तेही स्पष्ट सांगतो. मग जो नातेवाईक मुलाला सांभाळतो त्याला 1890 च्या कायद्याखाली न्यायालयात अर्ज करावा लागतो. अर्ज त्या ठिकाणी करायचा जिथे मूल राहते. नोटिसा निघतात, हरकती येतात, पुरावे होतात, तारखा पडतात. न्यायालय मूल आणि अर्जदार दोघांची नीट पारख करते, आणि ते योग्यच आहे. पण त्या काळात मूल मोठे होत राहते. शाळेचा दाखला, पासपोर्ट, शस्त्रक्रियेची संमती, आई-वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम, या प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारला जातो की तुम्ही याचे कोण.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत हे आपण सगळ्यांनी पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत काही दिवसांच्या अंतराने आई-वडील दोघे गेलेली मुले महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात होती. त्याच दिवसांत अनाथ झालेल्या मुलांना दत्तक घ्या, अमुक क्रमांकावर फोन करा, असे संदेश मोबाइलवर फिरत होते. मूल असे हातोहात देणे हा बाल न्याय अधिनियम 2015 नुसार गुन्हा आहे. चांगल्या मनाने ते संदेश पुढे पाठवणारे अनेक होते, त्यांना हे माहीत नव्हते. ज्या घरात आई-वडिलांनी नाव लिहून ठेवले होते, तिथे मूल कोणाकडे जाणार हा प्रश्न तरी उभा राहिला नाही.

मृत्युपत्राबरोबर आणखी दोन-तीन कागद त्याच बैठकीत उरका. विम्यात मुलाला नामनिर्देशित केले असेल तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नाव भरले आहे का ते पाहा. ती जागा रिकामी राहिलेली पुष्कळ ठिकाणी आढळते. भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनातही अज्ञान वारसाच्या पालकाचा रकाना असतो. नामनिर्देशित माणूस मालक होतो असे समजू नका. बहुतेक ठिकाणी तो वारसांसाठी रक्कम ताब्यात घेणारा असतो. विवाहित पुरुषांनी नवी विमा पॉलिसी घेताना 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता अधिनियमाखाली ती पत्नी-मुलांच्या नावे करण्याचा विचार करावा. मग ती रक्कम तुमच्या सावकारांनाही ओढता येत नाही. ज्यांचे मूल स्वमग्न, मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त किंवा बौद्धिक दिव्यांग आहे त्यांनी अठराव्या वाढदिवसाची वाट पाहू नये. अठरा पूर्ण झाले की आई-वडीलही आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 नुसार जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. आपल्यानंतर कोण, याचाही विचार त्याच अर्जाच्या वेळी करा.

कागद लिहून कपाटाच्या तळाशी घालू नका. मूळ प्रत कोठे आहे ते पालकाला आणि आणखी एका माणसाला सांगा. छायाप्रत पालकाजवळ द्या. त्याला मुलाचा जन्मदाखला, आधार, लसीकरणाची नोंद, औषधांची ॲलर्जी, शाळा, विम्याचे क्रमांक यांची एक वही द्या. दर दोन-तीन वर्षांनी कागद उघडून पाहा. पालकाचे लग्न मोडले, तो परदेशी गेला, तुमचे त्याच्याशी बिनसले, दुसरे मूल झाले, तर नवे मृत्युपत्र करा. शेवटच्या तारखेचे मृत्युपत्र चालते, आणि ते बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.

शिक्षकांना, अंगणवाडी सेविकांना, आशा ताईंना, बचत गटांच्या अध्यक्षांना, सोसायट्यांच्या आणि गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या पालक सभेत, गटाच्या मासिक बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. वर दिलेला मजकूर फळ्यावर लिहा. साक्षीदार तिथेच मिळतील.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा घरची परिस्थिती गुंतागुंतीची आहे, त्यांनी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. मदतीचा दूरध्वनी क्रमांक 15100 आहे. शेजारीपाजारी आई-वडील गमावलेले मूल असेल तर 1098 वर कळवा किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला गाठा. नातेवाइकांकडे राहणाऱ्या अशा मुलांसाठी राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यातून दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा आहे.